फ्रीज गप्प झाला की

१

त्या घरातला फ्रीज रोज बंद पडत नसे, हीच खरी पंचाईत होती. रोज पडला असता तर एकदाचं काय ते निस्तरता आलं असतं. पण तो पडला लहरी. आठ-आठ दिवस गुणी जावयासारखा वागायचा, आणि मग एखाद्या दुपारी, तीनच्या सुमारास, हुडहुडी भरल्यासारखा दोनदा थरथरायचा, दारातल्या बाटल्या एकमेकींवर आपटायच्या, आणि गप्प.

त्यावरचा इलाज घरातल्या मुलीने शोधून काढला होता. दार किंचित वर उचलून लावायचं, उजव्या अंगाला, जिथला रंग उडाला होता तिथे, गुडघ्याने एक ठेवून द्यायची, आणि दहापर्यंत आकडे म्हणायचे. सात-आठच्या आसपास तो घसा खाकरायचा आणि त्याची घरघर सुरू व्हायची. घरघर कसली, गिरणीच ती. पार बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू यायची. फोनवरची माणसं विचारायची, "दळण घेऊन बसलीयेस का?"

या मुलीला तिचा भाऊ टिटवी म्हणायचा, आणि आता सगळेच म्हणायचे. पान पडलं तरी हिची ओरड आधी. कॉलेज संपवून ती घरबसल्या शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासायची. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल, तिथून आत जाणारा अरुंद पॅसेज, पॅसेजमध्ये डाव्या हाताला आईची खोली, समोर बाथरूम, आणि टोकाला स्वयंपाकघर. एवढंच घर. वरचं बिऱ्हाड वर्षभर बंद, खाली कागदाचं गोदाम.

फ्रीजच्या दुसऱ्या कप्प्यात एक पांढरा खोका असायचा. त्यात आईची इंजेक्शनं, दर गुरुवारी एक. दोन ते आठ अंशांत ठेवायची, त्याच्या वर गेली की फुकट, आणि हॉस्पिटल दोन महिन्यांची मोजूनच द्यायचं. चाळीस दिवस हॉस्पिटलात काढून आई घरी आली तेव्हा तिला कूस बदलता येत नव्हती. या इंजेक्शनांनी ती उठून बसली, मग वॉकर धरून बाथरूमपर्यंत जायला लागली. म्हणजे आईचा जीव त्या खोक्यात, आणि खोक्याचा जीव या लहरी धुडात. टिटवीचा जीव तर बाराही महिने टांगणीलाच असायचा.

फ्रीज गप्प झाला की आईच्या खोलीतून लगेच हाक यायची, "बंद पडला का गं?" आणि गुडघ्याचा इलाज झाला की, "सुरू झाला का?"

"झाला."

"मग ठीक." आणि आई पुन्हा डोळे मिटायची.

त्या सोमवारी टिटवी व्याकरणाच्या एका वहीची प्रुफं घेऊन बसली होती. तीन वाजले. फ्रीज थरथरला, बाटल्या वाजल्या, घरघर थांबली. हातातली ओळ पुरी करून उठू, असं म्हणून तिने पेन्सिल तशीच पुढे नेली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. बाईमाणसाचा, अगदी रोजचा. चप्पल पायात सरकवता सरकवता म्हणावं तसा.

"येते हं."

"हं, ये," टिटवी म्हणाली. मानही वर न करता.

तिने दोन ओळी तपासल्या. एका वेलांटीवर खूण केली. मग पेन्सिल थांबली.

घरात येणाऱ्या दुसऱ्या बाई म्हणजे कामाच्या मावशी. त्या सकाळी नऊलाच जायच्या, आणि त्यांना ती "या" म्हणायची. आत्ता तोंडातून "ये" गेलं होतं. ओळखीच्या आवाजाला जीभ आपोआप जे म्हणते ते. जगात तिने "ये" म्हणावं अशी बाई एकच होती, आणि ती पॅसेजमधल्या खोलीत झोपली होती.

२

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. असणार कुठून? त्याला दुसरं दार नाही, खिडकीला जाळी. ओट्यावर झाकलेलं दूध, नळाखाली उपडं भांडं. तिने फ्रीजला गुडघा दिला, आकडे म्हटले. आठला तो खाकरला.

"सुरू झाला का गं?"

टिटवी आईच्या दारात जाऊन उभी राहिली. "झाला. तू मघाशी काही म्हणालीस का?"

"मी कशाला काय म्हणू?"

"स्वयंपाकघरातून आवाज आला."

आई हसली. "मला बाथरूमपर्यंत जायला दहा मिनिटं लागतात. तुझ्या नाकावर टिच्चून स्वयंपाकघरात जाऊन येईन, मी काय मांजर आहे? वॉकरची खटखट तरी ऐकू आली असती."

हे खरंच होतं. वॉकर पलंगाच्या पायथ्याशी, सकाळी ठेवला तसाच. टिटवी टेबलापाशी आली आणि समोरची प्रुफं बघून तिला हसूच फुटलं. पानभर ‘येणे’ हे क्रियापद चालवलेलं. मी येतो, मी येते, तू येतोस, तू येतेस. दिवसभर डोळ्यांसमोर येते-येते नाचल्यावर कानात दुसरं काय वाजणार? स्वतःच्याच कानाला ती फसली होती. तिने चहा टाकला. चहात दोनदा साखर पडली, ते मात्र तिच्या पिताना लक्षात आलं.

३

बुधवारी मेकॅनिक आला. पन्नाशीचा, हेल्मेट काखोटीला, आणि आल्या आल्या फ्रीजला हात जोडणारा.

"चालू आहे की, ताई."

"तुमच्यासमोर चालूच असतो. गेल्या वेळीही तसंच झालं."

"डॉक्टरला बघून ताप उतरतो ना, त्यातलीच गत. आता माझ्यासमोर हा पडणार नाही आणि मी वळलो की पडणार. मग तुम्ही मला शिव्या घालणार." त्याने फ्रीज भिंतीपासून ओढला. "मोटर सुरू करणारा रिले बघतो. बंद करावा लागेल पाच मिनिटं. औषधं आहेत म्हणालात ना, ती काढून घ्या."

तिने खोका बर्फाच्या डब्यात ठेवला. फ्रीजखाली पाणी साचलं होतं, म्हणून ती फडकं आणायला बाथरूममध्ये गेली. प्लग निघाला. घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. बाथरूममधल्या नळाचा एक थेंब बादलीत पडला, तोही ऐकू आला. मग फडकं धुवायला तिने नळ सोडला.

ती परतली तेव्हा मेकॅनिक फ्रीजच्या पाठीमागे उकिडवा बसून गुणगुणत होता.

"आई बऱ्या झाल्या म्हणजे," तो म्हणाला. "बाहेर निघाल्या वाटतं?"

"कोण?"

"तुमच्या आई. ‘येते’ म्हणाल्या ना आत्ता, पॅसेजमधून. मी म्हटलं, या सावकाश."

टिटवीच्या हातातलं फडकं ठिबकत राहिलं. "तुम्ही पाहिलंत त्यांना?"

"मी इथे भिंतीत डोकं घालून बसलोय, मला काय दिसणार? आवाज ऐकला." त्याने प्लग लावला. घरघर सुरू झाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा टिटवीला तो आवाज गोड लागला.

आईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिने ढकललं. आई पलंगाच्या कडेवर, दोन्ही हातांनी गादी घट्ट धरून बसली होती. नजर दारावर. टिटवीला बघून तिने श्वास सोडला.

"काय गं, किती वेळ बंद ठेवलात. सुरू झाला ना?"

"तू आत्ता बाहेर आली होतीस?"

"वेड लागलंय का तुला?"

मेकॅनिकने हात पुसले. रिले बदलला होता. "तरी पडला तर नवा घ्या, ताई. याचं वय झालंय. चला, येतो मी."

तो दारात थांबला. माणूस निघताना घरातल्याने काही म्हणावं, म्हणजे पायरी उतरता येते. टिटवीने ओठ आत ओढून घेतले. हेल्मेट हातात धरून तो बिचारा क्षणभर वाट बघत राहिला.

"बरं," ती म्हणाली.

आपलं काही चुकलं की काय, असा चेहरा करून तो जिना उतरला.

४

आधी स्वयंपाकघर, मग पॅसेज. टिटवीने हे कागदावर लिहून काढलं, म्हणजे ते मूर्खपणाचं दिसेल आणि भीती जाईल. लिहिल्यावर ते जास्तच सरळ दिसायला लागलं. एकदा ती "ये" म्हणाली, एकदा मेकॅनिक "या" म्हणाला. दर होकाराला आवाज थोडा पुढे आला होता. आता पुढे एकच दार होतं.

तिने भावाला फोन लावला. तो दूरच्या शहरात नोकरीला होता.

"दादा, आई हॉस्पिटलात गेली ना, त्या दिवशी..."

"आता काय झालं, टिटवे?"

"तिला स्ट्रेचरवरून नेताना ती ‘येते गं’ म्हणाली होती. मी कपाटात कागद शोधत होते. मी काही म्हटलंच नाही."

तो जपून बोलल्यासारखा बोलला. "तू चार महिने घराबाहेर पडलेली नाहीस. माणसाचं डोकं आंबतं. आई आली ना परत? तू म्हण किंवा नको म्हणूस, आली. आता दुसरं काही नाही, तो डबडा फ्रीज तुझ्या डोक्यात गेलाय. मी बघतो त्याचं काय ते."

आई आली ना परत. खरं होतं. टिटवी रोज तिचे केस विंचरत होती, तिला भरवत होती, तिची थट्टा ऐकत होती. फक्त कधीकधी वाटायचं, पूर्वीची आई फ्रीजच्या आवाजाला केवढी कावायची. म्हणायची, या मेल्याच्या घरघरीने डोकं उठतं. आणि आता? "चालू राहू दे गं. आवाज असला की मला बरं वाटतं." पण आजारपणाने माणूस बदलतंच. इंजेक्शनांचीही काळजी असेल. यात न समजण्यासारखं काय होतं?

शुक्रवारपासून ती प्रुफं घेऊन स्वयंपाकघरातच स्टुलावर बसायला लागली. गुडघा तयार. शनिवारी, तीन वाजून गेले म्हणून तिने निःश्वास टाकला आणि खालच्या कप्प्यातली भाजी काढायला फ्रीज उघडला. ती जमिनीवर बसली होती. उघड्या दाराने पॅसेज झाकला गेला होता.

आतला दिवा विझला. बाटल्या वाजल्या. घरघर थांबली.

"येते हं."

दाराच्या पलीकडून. हातभर अंतरावरून. आवाज दमलेला होता. खूप वेळ उंबऱ्यावर ताटकळलेल्या माणसाचा असतो तसा.

टिटवीने तोंडावर हात दाबला. मान वर करायची हिंमत नव्हती, म्हणून नजर खाली गेली. फ्रीजचं दार आणि जमीन यांत चार बोटांची फट होती. फटीतून दोन पावलं दिसत होती. टाचा तिच्याकडे, बोटं आईच्या खोलीकडे. टाचांना भेगा होत्या, उभ्या, खोल. डाव्या टाचेवरची भेग मधूनच फुटून दोन झालेली. ती भेग टिटवीला पाठ होती. कितीतरी रात्री तिने तिच्यात मलम भरलं होतं.

तिने बसल्या बसल्याच दार लोटलं आणि खांद्याने फ्रीजला धडक दिली. एक, दोन, तीन. सहाला घरघर आली. पॅसेज रिकामा होता.

"सुरू झाला का गं?" आईची हाक आली.

पहिल्यांदाच टिटवीने उत्तर दिलं नाही. ती आईच्या खोलीत गेली, पायांवरची चादर नीट करत असल्याचं दाखवत तिने ती जराशी उचलली. आईच्या टाचा गुळगुळीत होत्या. तान्ह्या बाळासारख्या.

"काय बघतेस?"

"काही नाही. पाय गार पडलेत का, ते बघते."

चाळीस दिवस पलंगावर काढलेत, मग हे चार महिने. जमिनीला फारशा न टेकलेल्या टाचा मऊ होणारच. हे तिने मनाशी तीनदा म्हटलं. तिन्ही वेळा ते पटलं, आणि तरी तिने ते चौथ्यांदा म्हटलं.

५

मंगळवारी सकाळी अकराला बेल वाजली. दारात दोन माणसं आणि माणसाएवढा खोका. दादाने कोणाला न विचारता नवा फ्रीज पाठवला होता.

"जुना घेऊन जायचाय," त्यातला एक म्हणाला. "बदल्यात दिलाय."

"जुना राहिला तर नाही का चालणार?"

"ताई, लोक आम्हाला चहा पाजतात जुना नेला म्हणून."

आतून आईचा आवाज आला, कधी नव्हे तो चढा. "त्यांना सांग, जुना राहू दे. मला तो आवाज लागतो."

माणसं एकमेकांकडे बघून हसली. टिटवीने दादाला फोन केला. दादा म्हणाला, आईला पंखा लावून दे, आणि तू वेड्यासारखं करू नकोस, त्या औषधांना भरवशाचा फ्रीज हवा की नको? रिले बदलूनही तो पडला होताच. एखाद्या दिवशी उठलाच नाही तर पुढची सहा इंजेक्शनं पाणी होतील आणि आई पुन्हा अंथरुणाला खिळेल.

जुना फ्रीज जिन्यावरून खाली गेला. प्रत्येक पायरीवर तो एकदा खणाणला. नवा भिंतीशी उभा राहिला, पांढराशुभ्र, चार अंशांचा हिरवा आकडा दाखवत. टिटवीने खोका आत ठेवला.

"झाला का सुरू?" तिने विचारलं.

"केव्हाचाच," माणूस कौतुकाने म्हणाला. "यात आवाजच नाही, ताई. चालू आहे की बंद, कान लावला तरी कळणार नाही."

ते दोघे निघाले. सुदैवाने ते निरोप घेणाऱ्यांतले नव्हते. नुसते गेले.

टिटवीने आईच्या खोलीतला पंखा पूर्ण वेगावर केला. ओट्यावर रेडिओ लावला, बाथरूमचा नळ बादलीत सोडला. पॅसेजमध्ये उभं राहून ऐकलं. पुरेसं होतं. निदान तिने तसं ठरवलं. आईने खोलीतून काहीच विचारलं नाही. "सुरू झाला का" नाही, "बंद पडला का" नाही. चार महिन्यांत असं पहिल्यांदाच झालं.

दुपारी पाऊणच्या सुमाराला वीज गेली.

६

पंखा फिरत फिरत मंदावला. रेडिओ अर्ध्या शब्दावर तुटला. नळाची धार तेवढी राहिली, आणि टाकीतलं पाणी संपत आलं तशी तीही बारीक होत थांबली. फ्रीजवरचा हिरवा आकडा विझला होता. भर दुपार, पॅसेजमध्ये लख्ख उजेड, आणि घरात इतकी शांतता की टिटवीला स्वतःच्या गिळण्याचा आवाज आला.

ती आईच्या खोलीत शिरली आणि दार लावून त्याला पाठ टेकून उभी राहिली. आई पलंगावर बसली होती. हात मांडीवर, एकात एक गुंफलेले.

"गप्प उभी राहा," आई हळूच म्हणाली. "काही बोलू नकोस. थोड्या वेळाने कंटाळते ती."

"तुला ऐकू येतं?" टिटवीने विचारलं.

"दर वेळी येतं. तुझी ती गिरणी थांबली की येतं."

दाराच्या फळीपलीकडे काहीतरी टेकलं. कपाळ असावं तसं, हलकेच. मग अगदी तिच्या मानेच्या मागून, लाकडाच्या दोन बोटं पलीकडून आवाज आला.

"येते गं."

या वेळी ‘हं’ नव्हतं, ‘गं’ होतं. स्ट्रेचरवरून म्हणाली होती तसं. कपाटाच्या दारामागे उभं राहून टिटवीने ऐकलं होतं आणि ज्याला तिने काहीच म्हटलं नव्हतं, ते.

"आई," टिटवी म्हणाली. कोणाला म्हणाली ते तिलाही कळलं नाही.

"म्हणू नकोस," पलंगावरची बाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. ते डोळे आईचे होते, भुवईवरचा तीळ आईचा होता, सकाळी टिटवीनेच घातलेली वेणी खांद्यावरून पुढे आली होती. "टिटवे, ऐक माझं. चार महिने राहिले मी तुझ्याकडे. तुला कसला त्रास दिला का?"

टिटवीने हे वाक्य ऐकलं आणि ते तिच्या आत कुठेतरी खाली खाली जात राहिलं, विहिरीत सोडलेल्या खड्यासारखं. आई असं विचारते का? आईने आयुष्यभर त्रासच दिला होता. केसांवरून, जेवणावरून, उशिरा उठण्यावरून. त्रास दिला का, असं पाहुणा विचारतो.

किंवा दुखण्याने खचलेली, लेकीवर भार झालेली आईसुद्धा विचारते. तेही खरं होतं. टिटवीच्या डोक्यात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी बसल्या, आणि दोन्ही सारख्याच खऱ्या दिसल्या. तिने त्या बाईच्या हातांकडे पाहिलं. हे हात तिने रोज चोळले होते. त्यांतली बोटं आता कुठे सरळ व्हायला लागली होती.

पाठीमागची फळी किंचित हलली. पलीकडचं माणूस फक्त उभं होतं. श्वासात एक बारीक घरघर होती, जिना चढून आल्यावर आईला लागायची तशी.

"ये," टिटवी म्हणाली.

शब्द इतका लहान होता की तोंडातून सुटल्यावरच तिला कळलं. ती दारापासून बाजूला झाली. कडी आपोआप उघडली नाही, दार करकरलं नाही. फळीवर टेकलेलं ओझं नाहीसं झालं, एवढंच.

पलंगावरच्या बाईने डोळे पुसले. गुडघ्यांवरची चादर काढून तिने तिची घडी केली, टोकाला टोक लावून, आणि उशीवर ठेवली. मग वॉकरला हातही न लावता ती उठून उभी राहिली. गुळगुळीत टाचा फरशीवर टेकल्या.

"बरं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मग मी जाते."

टिटवी तिच्याकडे बघत राहिली. त्या शब्दाला काय उत्तर द्यायचं असतं, ते तिला कधी कोणी शिकवलं नव्हतं.